यमाच्या दिव्याचं तोंड

धनत्रयोदशी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटे. यमासाठी कणकेचा दिवा दक्षिणेच्या कठड्यावर ठेवून आत्ताच लिहायला बसलो.

आमच्या दक्षिणेला शरणप्पाचं दार आहे. "पोराला फिट येते" असं कोहिनूर गावच्या मुलीकडच्यांना सांगून त्याने माझी ठरलेली सोयरीक मोडली. म्हणून वात नेमकी त्याच्या उंबऱ्याकडे वळवली आणि मनात म्हटलं, यमा, हेच दार.

आईने माझे ओठ हलताना पाहिले. "काय पुटपुटायलास? हा दिवा यमाला बोलवायला न्हाई रे, परत धाडायला असतो."

मग माझं मागणं कुठे गेलं? परत जाताना तरी तो त्या दारावरून जाईल ना?

इतक्यात लाइट गेली. शरणप्पा पायरीवरून ओरडला, "अण्णा, तुझ्या दिव्याचा उजेड हितपर्यंत पडायलाय! बेस झालं, इथंच जेवतो."

वात वळवावी, तर लावलेला हा दिवा हलवत नाहीत. विझवला तर आमच्याच घरावर येतं. दोनदा उठून पाहिलं. वात तिकडेच, आणि तो माझ्या उजेडात भजी खातोय.

दिवा मंदावला. आई म्हणाली, "तेल घाल." घातलं. माफ मात्र केलेलं नाही.

तेल घालताना रागाने हात थरथरला. त्याने पाहिलं. आता सगळ्यांना सांगेल, बघा, फिट आली.