आईच्या वासाची उशी

२ जानेवारी

चि. छोटीस, अ. उ. आ.

टिकली तुझ्याकडे आल्यापासून आईसाठी रडून घर डोक्यावर घेते आणि तुझा म्हातारा बोका हेडमास्तर तिच्यावर नुसता फिसकारतो, हे वाचून हसूही आलं नि जीवही तुटला. एवढंसं पिल्लू हेडमास्तरांना भारी पडलं म्हणायचं! सोबतच्या पार्सलात उशी आहे. टिकलीची आई तिच्यावरच झोपायची, म्हणून मुद्दाम धुतलेली नाही. आईचा वास आला की पोर गप्प होईल. आई इथे मजेत आहे. जरा शिंकते, पण माझ्या शिवणाच्या खोलीत कापसाची धूळ उडते, मीही शिंकतेच.

तुझी,
ताई

८ जानेवारी

छोटे, घाईत लिहिते. ती धूळ नव्हती. डॉक्टर म्हणाले, मांजरांचा फ्लू आहे आणि तो कापडावरूनही जातो. उशी उघडू नकोस, जाळून टाक. उघडली असशील तर दोघांना वेगळं ठेव, एकाला हात लावलास की साबणाने धुऊनच दुसऱ्याकडे जा. नाक-डोळे कोमट पाण्याच्या बोळ्याने पूस, न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत बसव. आपली तापाची गोळी चुकूनही देऊ नकोस, मांजराला ती विष आहे. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. पुढच्या आठवड्यात मीच येते.

ताई

१३ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

उशी तुझ्या पत्राच्या आधी आली. टिकली गप्प झाली, आणि त्याच दुपारी हेडमास्तर आपणहून तिला बिलगून झोपले. मी शेजारणीला हाताला धरून आणलं आणि दाखवलं, इतका आनंद झाला होता.

टिकली शिंकते, पण खाते. म्हाताऱ्याचं नाक पार चोंदलंय. वास येत नाही म्हणून खाण्याला तोंड लावत नाही. मासे कोमट करून, कुस्करून बोटावर धरले, तरी मान फिरवतो. डोळे चिकटतात, जिभेवर फोड आलेत. उपाशी राहिला तर हातचा जाईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उद्या नळीने भरवणार आहेत. हे गेल्यापासून या घरात माझी वाट पाहणारा तो एकटाच आहे, ताई. मला फार भीती वाटते.

तुझ्यावर रागावू तरी कशी? पण तू येऊ नकोस. तुझ्या कपड्यांवरून आणखी काही आलं, तर ते सोसायचं बळ आता त्याच्यात नाही. लोभ असू दे, पण सध्या दुरूनच.

तुझी,
छोटी