एका गुन्ह्याचा दुसरा खटला

प्रिय ठोंब्या,

या नावाने तुला हाक मारून चार वर्षं होत आली. नाव ठेवलं तुझ्या काकांनी, आता ते चालवायचा हक्क माझा. पत्र वाचून झालं की तुझ्या आईलाही दाखव. माझी सख्खी धाकटी बहीण, पण माझ्याशी बोलत नाही. तिचं काही चुकलं नाही.

माझं शिवणकाम चालू आहे. शाळेचे गणवेश आलेत, दिवसभर कॉलरी बसवते. माप घेताना लोक पोट आत ओढतात आणि मग शर्ट घट्ट झाला म्हणून माझ्याशी भांडतात. पूर्वी अशा गिऱ्हाइकांची नक्कल मी रात्रीच्या जेवणाला करून दाखवायची, तुझे काका हसून हसून पाणी पीत. आता नक्कल मनातच राहते.

तुला सीमेपलीकडच्या त्या फरशीच्या कारखान्यात त्यांनीच नेलं. क्रेन त्यांनीच शिकवली. फोनवर मला सांगायचे, पोरगं ठोंब्या आहे, पण हात असा हलका की दगडाची लादी ठेवली तर खालची धूळ उडत नाही. त्या दिवशी पट्टा झिजलेला तुला दिसला होता. एवढी एक लादी उतरवू आणि मग बदलू, असं तुला वाटलं. पट्टा तुटला, आणि खाली ते उभे होते. तू हे तिकडच्या कोर्टात एका शब्दाने लपवलं नाहीस, तेही मला माहीत आहे. खटला वर्षभर चालला, तुला दोन वर्षांची शिक्षा झाली.

पण तोवर मी इकडे डोक्यात राख घालून घेतली होती. त्यांना जाऊन चौदा दिवस झाले तेव्हा मी पोलीस ठाण्यात गेले आणि फिर्याद दिली. मेलेला माणूस आपला, मारणारा आपला, मग न्याय परक्यांनी का करायचा, असं म्हणाले. तो कागद तिथे पडून राहिला. आठ महिन्यांपूर्वी तू सुटून आलास, सीमेवरच्या अधिकाऱ्याने तुझं नाव कॉम्प्युटरवर पाहिलं आणि माझी फिर्याद जागी झाली.

तुझी आई तेव्हा माझ्या दुकानात आली. बसली नाही. एवढंच म्हणाली, "तुझं माणूस गेलं, ताई. माझं तीन वर्षं दूर होतं. ते तू परत आत घालणार?" दुसऱ्या दिवशी मी फिर्याद मागे घ्यायला गेले. फौजदार म्हणाला, बाई, ती आता तुमची राहिली नाही, सरकारची झाली. खरं सांगू? मला मनातून बरंच वाटलं. आपण आपलं काम केलं म्हणून हात झटकून घरी आले.

मग तुझ्या वकिलाने कोर्टात एक मुद्दा काढला. एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा शिक्षा करता येत नाही, आणि दोन्ही देशांत करार असल्यामुळे तिकडची शिक्षा इकडेही धरतात. फक्त ती पुरी भोगल्याचा पुरावा हवा. निकालाची प्रत तुझ्याकडे होती, सुटकेचा कागद नव्हता. तुझा तुरुंग मध्यंतरी बंद झालेला, कैदी तीन ठिकाणी वाटलेले, नोंदी सापडत नाहीत असं उत्तर आलं. सरकारी वकील म्हणाले, कशावरून हा पळून आला नाही?

गेल्या तारखेला मी मागच्या बाकावर होते. तू मला पाहिलं नाहीस. न्यायाधीशबाईंनी विचारलं, सुटताना मिळालेला कागद कुठे गेला? तू खाली बघत म्हणालास, "फाडला. त्यावर काकांचं नाव होतं, पुढे मयत लिहिलं होतं. तो खिशात घेऊन मावशीसमोर कसा जाणार?" सरकारी वकील हसले. त्यांना ती थाप वाटली. त्या अख्ख्या खोलीत तू खरं बोलतोस हे फक्त मला माहीत होतं, आणि मी मिठाची गुळणी धरून बसून राहिले.

कसं माहीत होतं, तेच सांगायला हे पत्र. तिकडचा नियम आहे, कैदी सुटला की त्या कागदाची एक प्रत मयताच्या घरी पाठवतात. ती मला आठ महिन्यांपूर्वीच मिळाली. शिक्षा पूर्ण भोगली, खाली तारीख, शिक्का, सही. मी ती शर्टांच्या कागदी नमुन्यांच्या गठ्ठ्यात खोल घालून ठेवली. तू आत जावास म्हणून लपवली, बाळा, उगाच दुसरं कारण सांगत नाही. फाडायलाही घेतली होती, पण तू सांगितलंस तसंच तिच्यावर त्यांचं नाव होतं, पुढे मयत, आणि माझा हात उचलेना. काल तुझ्या वकिलांना दाखवली. एवढी पुरे, म्हणाले. सोमवारी मी स्वतः ती कोर्टात देणार आहे, इतके महिने का दिली नाही तेही तिथेच सांगणार आहे. माफ केलं हे शब्द अजून तोंडातून निघत नाहीत, निघाले की कळवीन. पण फिर्यादी म्हणून माझं नाव पुकारतील तेव्हा घाबरू नकोस. मी तुझ्या बाजूने उठणार आहे.

तुझीच,
मावशी