आम्ही ट्रेलर घेतला

प्रिय धाकट्या,

आधी नीट बस, हातात काही सांडण्यासारखं असेल तर खाली ठेव, आणि मग वाच. आम्ही ट्रेलर घेतला! आम्ही म्हणजे मी आणि आई. जुनाच आहे, दोन एक्सलचा, रंग उडालेला, पण आपला. घरामागे उभा आहे. आई रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन त्याच्याभोवती एक फेरी मारते आणि काल पुसलेला दिवा आज पुन्हा पुसते. तुझ्या-माझ्या जन्माच्या वेळीही तिने इतकं कौतुक केलं असेल असं मला वाटत नाही.

गेली दोन वर्षं आपला छोटा पोकलेन मी भाड्याच्या ट्रकवरून कामावर नेत होते, हे तुला माहीत आहेच. तो ट्रकवाला नऊची वेळ देऊन बाराला उगवायचा. गेल्या महिन्यात एका शाळेच्या मागे पाइपासाठी चर खणायचा होता. मी तिथे जाऊन उभी, मुकादम घड्याळ बघतोय, आणि ट्रकवाला फोनवर म्हणतोय, "निघालोच, ताई, रस्त्यातच आहे." मागून त्याच्या बायकोचा आवाज, "आंघोळीचं पाणी निवतंय, जाताय का नाही?" त्याच क्षणी ठरवलं, आता बास. आपली पिकअप धडधाकट आहे, हूक शाबूत आहे, मग दुसऱ्याच्या आंघोळीवर आपलं काम का अडावं?

आई बरोबर येणार नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली. पण मी किल्ली घेऊन बाहेर येते तर बाईसाहेब पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन, पट्टा लावून तयार! म्हणाली, "तू माणसांना भुलतेस. मी जन्मभर भाजीवाल्यांशी हुज्जत घातली आहे."

पहिला ट्रेलर बघितला तो निळा, नवरीसारखा नटलेला. विकणारा तर साखरेत घोळून बोलत होता. मी भुललेच होते, तेवढ्यात आई खाली वाकली आणि घराच्या किल्लीने सांगाड्यावर ठोकू लागली. टण, टण, टण, आणि मग एकदम थप्प. तिथे तिने किल्ली जरा घासली तर ताज्या रंगाचा पोपडा निघाला आणि किल्ली आतच गेली. खाली सगळा गंज, वरून पुट्टी भरून रंग मारलेला. तो माणूस म्हणाला, "मावशी, एवढं चालतं हो." आई म्हणाली, "चालतं ना? मग तुम्ही चालतच जा, हे गाडीला लावू नका." मी तोंड फिरवून हसले, आणि गाडीत बसल्यावर दोघी मिळून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

दुसरा होता तो ट्रेलर नव्हता, फलाट होता. मला मात्र तो फार आवडला. पुढेमागे मोठं यंत्र घेतलं तर, अशी स्वप्नं मी उभ्या उभ्या पाहिली. पण पिकअपचं पुस्तक बरोबर नेलं होतं. रिकाम्या ट्रेलरचं वजन, त्यात पोकलेनचं, त्यात बकेटांचं, अशी बेरीज केली तर गाडीच्या मर्यादेबाहेर. विकणारा म्हणाला, "आरामात ओढेल हो." आईने विचारलं, "ओढेल, पण उतारावर थांबवेल का?" त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, आणि मी पुस्तक मिटून थेट गाडीत जाऊन बसले. तू ओळखलं असशीलच का ते. त्या उताराचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही, आणि आईच्या तोंडून ते असं सहज निघून गेलं.

तिसरा मास्तरांचा. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चाळीस वर्षं ट्रेलर बांधणारा हा माणूस, आता नजर अधू झाली म्हणून काम आवरतं घेतोय. त्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं तर आम्ही विचारायच्या आधी त्यांनीच आमची चौकशी सुरू केली. यंत्र कोणतं, वजन किती, गाडी कोणती, रस्ते सपाट की चढउताराचे. मुलगी बघायला जावं आणि मुलीच्या बापानेच उलटतपासणी घ्यावी, तसं झालं. मग ट्रेलरचे दोष त्यांनी स्वतःच दाखवले. दोन टायरांवर नक्षी आहे, पण रबर म्हातारं झालंय, बदला. एक रॅम्प वाकलाय. डावा दिवा मनात आलं तर लागतो. मला बॅटरी देऊन खाली झोपवलं आणि एकेक जोड बघायला लावला. टायर सगळीकडे सारखे झिजलेत म्हणजे एक्सल सरळ आहे, हेही तिथेच कळलं. कागद पाहिले, सांगाड्यावरचा नंबर जुळवला, पिकअपला जोडून गल्लीत ब्रेक लावून पाहिले. आईने किल्लीने या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवून घेतलं. सगळीकडे टण. मास्तर खूश होऊन म्हणाले, "यांना माझ्याकडे नोकरीला ठेवायला हवं होतं."

घरी आणला तो दिवस तू बघायला हवा होतास. सरळ जाताना मी राणी होते, पण घराशी येऊन मागे घ्यायला लागले आणि सगळी अक्कल गेली. स्टिअरिंग डावीकडे वळवावं तर ट्रेलर उजवीकडे. शेजारचे काका मदतीला आले आणि ओरडू लागले, "डावीकडे! माझ्या डावीकडे! नाही, तुमच्या!" अर्धी गल्ली जमली. आईने खुर्ची आणून ठेवली आणि ऐसपैस बसून बघत राहिली. पाऊण तासाने आत गेला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणाचा एक खांब तेवढा कामी आला.

एवढं सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू आईच्या गुडघ्यांचं विचारतोस, गोदामात पार्सलं फार येतात म्हणतोस आणि "ठेवू का, ताई?" म्हणून ठेवतोस. म्हणून लिहिते आहे. मास्तरांच्या टेबलावर एक लाकडी खेळणं आहे, छोटी गाडी आणि तिला जोडलेला छोटा ट्रेलर. विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात. एक फळी तिरकी लावली, ट्रेलरवर पुढच्या बाजूला विटेचा तुकडा ठेवला आणि गाडी सोडली. सरळ खाली आली. मग तोच तुकडा चाकांच्या मागे सरकवला आणि पुन्हा सोडली. अर्ध्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागला, इकडे, तिकडे, आणि गाडीला घेऊन फळीवरून पडला. आई लहान मुलीसारखी हसली. मास्तर म्हणाले, "वेग फार लागत नाही. भार मागे असला की गाडीचं मागचं अंग उचललं जातं, मग उतारावर देवही सावरू शकत नाही." मला हसू आलं नाही.

कारण दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी आपल्या आधीच्या ट्रेलरवर यंत्र मी चढवलं होतं, धाकट्या. तू आत सही घ्यायला गेला होतास. पाइपांचे गठ्ठे पुढे बसावेत म्हणून मी पोकलेन दोन हात मागे घेतला आणि बांधला. पिकअपचं मागचं अंग जरा वर आलेलं मला दिसलं होतं, आणि मला वाटलं, वा, गाडीवर भार कमी पडतोय! तू विचारलंस, "नीट झालं?" मी म्हटलं, "हो." तू माझ्या शब्दावर निघालास. उतारावर ट्रेलर असाच शेपटी हलवत खड्ड्यात उलटला, तू मनगट धरून रस्त्याच्या कडेला बसलास, आणि मी मागून येऊन जमलेल्या लोकांसमोर तुला म्हटलं, "किती वेळा सांगितलं, हळू चालव म्हणून!" तू एकदाच बोललास, "ताई, मी हळूच होतो." कुणी ऐकलं नाही. तू किल्ल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्यास, दोन महिन्यांनी दुसऱ्या गावी नोकरी धरलीस आणि आजही बसने फिरतोस. मास्तरांकडून परत येताना हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? त्याला सांग." पण त्याआधी मी गल्लीत सांगितलं, मुकादमाला सांगितलं, गॅरेजवाल्याला सांगितलं, कारण तुला बोलले तेही चारचौघांतच. मंगळवारी भार नीट पुढे घेऊन, आईला शेजारी बसवून, मी तोच उतार उतरले. ट्रेलर दोरीसारखा सरळ मागे आला, आणि आई गाणं गुणगुणत होती. परत ये, असं म्हणण्यासाठी हे पत्र नाही. यायचं की नाही ते तू ठरव, दार आणि गाडी दोन्ही तुझीच आहेत. मला एवढंच लिहून द्यायचं होतं, माझ्या हाताने, म्हणजे तुला हवं तेव्हा काढून वाचता येईल. चूक माझी होती. तू हळूच होतास.

तुझीच,
दोन वर्षं उशिरा खरं बोलणारी
ताई