तळं कोरडं होतं

३ ऑक्टोबर, मंगळवार

पुन्हा पडली! तळ्यापलीकडे फोन पोचवणारी लिंक सहा दहाला गेली ती सहा अठ्ठावन्नला आली. अठ्ठेचाळीस मिनिटं. मी आराखड्यात लिहून दिलंय – वर्षभरात जास्तीत जास्त सव्वीस मिनिटं बंद. वर्षभरात! एका सकाळीच जवळजवळ दोन वर्षांचं खाऊन बसली.

पलीकडच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंचा फोन. "मॅडम, सकाळी सहा ते सात आम्ही पृथ्वीवर नसतो का? तसं असेल तर सांगा, बाळंतिणींना तसं कळवते." पाहते म्हटलं. आठवडाभर तेच म्हणतेय.

हवा किती स्वच्छ होती. पाऊस नाही, ढग नाही, पान हलत नव्हतं. टेकडीवरच्या आमच्या टॉवरवरून तळ्यापलीकडचा टॉवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो म्हणे अशा सकाळी. एकतीस किलोमीटर. दोन डिश एकमेकींकडे तोंड करून बसल्यात आणि मधे काही म्हणजे काही नाही. मग मेली पडते का?

साहेब म्हणाले, "डिश हलली असणार. कुणी बसवली?" खोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे कुणी बसवली. माझ्या वडिलांनी.

४ ऑक्टोबर

बाबा चढले. एकोणसाठाव्या वर्षी सत्तर मीटर. खाली आल्यावर गुडघे चोळत म्हणाले, "केसभरसुद्धा हलली नव्हती गं. तरी पुन्हा लावली, उगाच शंका नको."

मी ऑफिसात स्क्रीनवर सिग्नलचा आकडा बघत होते. बाबा वर डिश फिरवतात तसा आकडा चढतो, उतरतो, मग सगळ्यात वर जाऊन थांबतो. दुपारी थांबला तो माझ्या हिशेबाशी तंतोतंत जुळला. दशांशापर्यंत! अशी डिश बसवणारा माणूस आमच्या अख्ख्या भागात दुसरा नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. डिश बरोबर आहे तर मग चुकलंय काय?

५ ऑक्टोबर

पडली. छत्तीस मिनिटं.

७ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं.

माझ्या टेबलावर बाबांचा फोटो आहे, मे महिन्यातल्या पाहणीचा. भेगाळलेल्या चिखलात कमरेवर हात ठेवून उभे आहेत, हसतायत. "तळ्याच्या बरोब्बर मध्यभागी उभा आहे बघ, बूटसुद्धा भिजले नाहीत!" पाच महिने तो फोटो माझ्यासमोर आहे. रोज बघते. आणि मला दिसलं नाही!

नकाशात तिथे निळं होतं. प्रोग्रामने विचारलंही होतं – मधला पृष्ठभाग पाणी आहे, बदलायचा का? मी बदलला. 'कोरडी जमीन.' फोटो होता ना समोर. खोटं कशाला बोलू, नुसता फोटो नव्हता. पाणी धरलं तर सव्वीस मिनिटांचा आकडा बसत नव्हता, दोन्ही टॉवरवर खाली दुसरी डिश लावावी लागत होती, आणि साहेबांना आराखडा संध्याकाळपर्यंत हवा होता. कोरडं केलं आणि चुटकीसरशी बसला. सही ठोकली.

आता तळं काठोकाठ भरलंय. निवांत सकाळी पाणी आरशासारखं पडून राहतं, वरची हवाही थरांनी गोठल्यासारखी होते. डिशमधून निघालेली एक लहर सरळ जाते, एक पाण्यावर आपटून जाते, आणि पलीकडे दोघी एकमेकींना मारून टाकतात. दुसरी डिश असती तर एक बहिरी झाली तरी दुसरीने ऐकलं असतं. पहिल्या वर्षी शिकवतात हे. पहिल्या वर्षी!

सोमवारी सांगते.

९ ऑक्टोबर, सोमवार

नाही सांगितलं.

सांगायला गेले होते. दारात पाऊल ठेवलं तर साहेब बाबांच्या कंत्राटदाराशी फोनवर बोलत होते – "म्हाताऱ्याचे हात थरथरत असतील हो, नट आवळले जात नाहीत. रात्री गारठ्याने लोखंड आक्रसतं, सकाळी डिश कलते." मग माझ्याकडे बघून ओशाळले. "तुमच्याबद्दल काही नाही हं. तुमचा आराखडा चोख आहे."

तेव्हाच बोलायचं होतं. माझ्या सहीचे आणखी चौदा आराखडे मंजुरीला गेलेत. हा एक उघडला की चौदाही उघडणार. मी म्हणाले, "हो, साहेब." हो, साहेब! थू माझ्यावर.

बाबा आज तिसऱ्यांदा चढले.

१० ऑक्टोबर

आज चहा पिताना बाबांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात समोर धरले. बराच वेळ बघत होते.

"थरथरतात का गं?" आईला विचारलं.

"मला काय विचारता? तुमचे नट, हिचे आकडे, आणि माझा चहा गार," आई म्हणाली. हसवायला म्हणाली ती. कुणी हसलं नाही.

हात स्थिर होते. मी समोर बसले होते. कप उचलून चहा संपवला.

१२ ऑक्टोबर

कंत्राटदाराने दुसरा माणूस पाठवला. बाबांनी त्याला खालून सगळं समजावून सांगितलं, मानाने. मग टॉवरवर चढताना बांधायचा आपला कमरेचा पट्टाही दिला. तीस वर्षांचा पट्टा. "तुझा शिवणीला उसवलाय, हा घे. मला आता कशाला लागतोय?"

आईने सांगितलं हे. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

१५ ऑक्टोबर, रविवार

परवापासून वारा सुटलाय. दारं आपटतायत, वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांकडे. तीन सकाळी लिंक पडली नाही. एक मिनिटही नाही.

अर्थात नाही पडणार! वाऱ्याने हवा ढवळली, पाण्यावर लाटा उठल्या, आरसा फुटला. मला कळतं. माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. साहेबांनी सुटीच्या दिवशी फोन केला – "बघा, नव्या माणसाने लावली आणि झाली की नाही सरळ!" नर्सबाईंनी आभार मानले. आभार!

आणि बाबा. खिडकीपाशी बसून होते. म्हणाले, "म्हणजे माझंच चुकत होतं. बरं झालं कळलं. वरून पाना कुणाच्या डोक्यात पडण्याआधी कळलं."

सांग, सांग, सांग, असं आतून कुणी ओरडतंय. मी उठून भांडी घासली. देवा, वारा पडू दे. लिंक पडू दे. आराखडे करणारी कुणी असं मागते का?

१६ ऑक्टोबर

बाबांनी आज दाढी केली नाही. "ब्लेडचं काम आहे, नको," म्हणाले.

१८ ऑक्टोबर, बुधवार

वारा पडला. एकाहत्तर मिनिटं. पलीकडे एक बाई अडली होती, नर्सबाईंनी गाडी मिळवायला माणूस सायकलवर पिटाळला. बाई वाचली, मूल वाचलं. फोनवर त्या ओरडल्या नाहीत, हळू बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरळ साहेबांच्या खोलीत. फोटो टेबलावर ठेवला. माझा मेमधला हिशेब ठेवला, शेजारी पाणी धरून केलेला. वाऱ्याच्या तीन दिवसांच्या नोंदी ठेवल्या. म्हणाले, डिश पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. मी तळं कोरडं केलं. माहीत असून केलं. आणि अकरा दिवस गप्प बसले.

साहेब कागद उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "वडिलांना वाचवायला नाही ना सांगत?" मी म्हणाले, आकडे तपासून घ्या, दुसऱ्या कुणाकडूनही. घेतले. तासाभरात पटलं.

१९ ऑक्टोबर

लेखी ताकीद. चौदाही आराखडे परत. सहीचा अधिकार काढून घेतला. दोन्ही टॉवरवर आठ मीटर खाली दुसरी डिश लावणार.

सहीचं काही वाटलं नाही, खरंच. दगड उतरला छातीवरून. पण बाबांना आज सांगणार नाही. काल पुन्हा पडली असं सांगितलं, तर म्हणतील त्या माणसाचेही हात वाईट. खालची डिश लागू दे, सकाळ स्वच्छ उजाडू दे, लिंक टिकू दे. मग पुरावा हातात घेऊन सांगेन. नुसत्या तोंडी नाही.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

लागली! आज सकाळी हवा अशी की काडी पेटवली तर ज्योत हलू नये. सहा ते आठ स्क्रीनसमोर बसले, नखं खात. वरच्या डिशचा सिग्नल दोनदा बुडाला, खालचीने दोन्ही वेळा झेललं. एक सेकंद बंद नाही! नर्सबाई म्हणाल्या, "पृथ्वीवर स्वागत करा आमचं."

जाते घरी. आज सांगते.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

सांगितलं. सगळं. फोटो, कोरडी जमीन, वारा, ताकीद. आलेख अंथरले त्यांच्यापुढे. बाबा चष्मा लावून शेवटपर्यंत बघत होते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, बापाला बरं वाटावं म्हणून स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेतलास? असं करू नये गं."

मी म्हणाले, बाबा, आकडे बघा ना. म्हणाले, "आकडे तुझेच ना? ते तुझंच ऐकणार." आणि मग म्हणाले, "खाली दुसरी डिश का लावली ते कळतं मला. पहिली नीट लागली असती तर लावली असती का?"

आज सकाळी ऑफिसला निघताना मला थांबवलं. शर्टाची वरची दोन बटणं लावून दे म्हणाले. मी लावत असताना हात समोर धरून उभे होते. अजिबात थरथरत नव्हते.