तिचा अर्धा पेपर

प्रिय ताई,

तुझ्या भांडकुदळ भावाचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे? बाबा अजून माझं नाव काढत नाहीत का?

काम बसूनच करायचं आहे. ऑनलाइन परीक्षांच्या तक्रारी आल्या की ठरलेली उत्तरं पाठवायची. कॉलेज अर्धवट सोडलेला मी परीक्षा सांभाळतो, हस खुशाल!

नेट मध्येच गेलं की आमची यंत्रणा पेपर संपला असं धरते आणि पोरांना परत आत घेत नाही. हे बदला म्हणून मी साहेबांशी तीनदा भांडलो. परवा तर आवाजही चढला. ते म्हणाले, "बाळा, सुधारणा पुढच्या वर्षी. तू उत्तरं पाठव."

काल तिची तक्रार आली. हो, तीच, कॉलेजातली, जिच्यापायी तू माझे कान उपटले होतेस. शेवटच्या वर्षाचा पेपर, आणि विसाव्या मिनिटाला बाहेर फेकली गेली. तिचा अर्धा पेपर माझ्यासमोर होता, पण तो पुन्हा सुरू करायचा अधिकार साहेबांचा. या वेळी हात जोडले. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

तिला पानभर लिहिलं, पुसलं आणि पाठवलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' खाली माझं नाव नसतंच.

लगेच तिचं उत्तर आलं, "धन्यवाद सर. माझं वर्ष वाचेल ना?"

ताई, तिला काय कळवू? 'हो' म्हणता येत नाही, आणि 'नाही' लिहायला बोट उचलत नाही.

हे आईला वाचून दाखवू नकोस.

तुझाच,
धाकटा