पत्र्याची जाळी

नाना, तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांनी तुम्हाला काहीतरी विचारायला बसले आहे, आणि नेमकं काय विचारायचंय तेच मला नीट मांडता येत नाही.

ठाण्याच्या त्या डब्यांच्या कारखान्यात तुम्ही फोरमन होता. पत्र्यातून गोल झाकणं कापली की मधे तुकडे उरायचे. ते वाया जातात याचा तुम्हाला घरी आल्यावरही त्रास व्हायचा. मी तेव्हा मॅट्रिकला होते. एका रविवारी आई मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडत होती आणि तुम्ही तिच्या हातातून वाटी घेतलीत. पहिली ओळ सरळ पाडलीत. दुसऱ्या ओळीतली प्रत्येक पुरी वरच्या दोन पुऱ्यांच्या खाचेत. शेवटी पोळीची नुसती जाळी उरली. आई म्हणाली, "माझं उरलेलं पीठ मी पुन्हा मळते. तुमचा पत्रा मळता येत नाही, म्हणून तुम्हाला ही अक्कल." तुम्ही हसलात, पण तुमचं लक्ष पोळपाटावरच होतं. थोड्याच दिवसांत कारखान्यात तशी मांडणी सुरू झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर तुमची पाठ थोपटली आणि तुम्हाला मनगटी घड्याळ दिलं.

मग जवळच खोपटला राहणारी एक बाई घरी आली. कारखान्यातले तुकडे नेऊन ती आणि तिचा नवरा रॉकेलच्या चिमण्या बनवायचे. मला अजून ती दिसते: उंबऱ्याबाहेर उभी आहे, हातात पत्र्याची जाळी.

"दादा, आता हेच निघतंय. याची चिमणी कशी करू?"

"बाई, माल वाया घालवायचा पगार मला मिळत नाही."

"वाया कुठं जात होता? माझ्या घरी येत होता."

तुम्ही आत निघून गेलात. आईने तिला चहा दिला, तो घेऊन ती गेली. त्या दिवशी तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात.

पुढच्या महिन्यात कारखान्यातून पुन्हा रुंद तुकडे निघायला लागले. साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, झाकणं कापायचा साचा बिघडलाय, ओळी जवळ घेतल्या की झाकण फाटतं. घरीही तेच सांगितलंत. बाई दोन नव्या चिमण्या घेऊन आली तर तुम्ही त्या घेतल्या नाहीत. "साचा दुरुस्त झाला की पुन्हा जाळीच मिळेल," असं तोडून बोललात. मला तेव्हा तुमचा राग आला होता. पावसाळा संपायच्या आत तुमची बदली गोदामात झाली. नव्या फोरमनने आल्या आल्या तुमचीच मांडणी परत लावली आणि झाकणं नीट निघाली. साचा त्याने दुरुस्त करून घेतला की तो कधी बिघडलाच नव्हता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. बाई नवऱ्याला घेऊन कल्याणला भावाकडे गेली, एवढंच कानावर आलं. तुम्ही निवृत्त होईपर्यंत गोदामातच राहिलात.

पुढे मीही डोंबिवलीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात नोकरी केली. उरलेला माल कमी कसा करायचा यावर तिथे बैठका व्हायच्या. मी चांगल्या सूचना केल्या, त्या मानल्याही गेल्या. प्रत्येक बैठकीत वाटायचं, तुम्ही शेजारी असता तर काय म्हणाला असता? पोळपाटावर वाकलेले नाना एक बोलतात, अर्ध्या ताटावरून उठलेले दुसरंच. दोघांचंही मला पटतं आणि मग काहीच कळेनासं होतं. एका बाईला चार दिवस पत्रा मिळावा म्हणून तुम्ही आपलं नाव घालवलंत का? की साचा खरंच बिघडला होता आणि मी उगाच तुम्हाला मोठं करते आहे?

मागच्या आठवड्यात नौपाड्यात डॉक्टरांकडे तुमच्या कारखान्यातले जुने फिटर भेटले. साचे तेच बघायचे. खूप थकलेत, पण आठवण पक्की आहे. तुमचं नाव काढून म्हणाले, "विचार, काय विचारायचंय ते." मी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली, नंबर आला तसं त्यांना हात धरून आत नेलं आणि घरी आले. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे लिहिते: साचा बिघडला होता, असं ते म्हणतील याची मला भीती वाटली.