मान सैल सोडा

बंगळूर,
१२ नोव्हेंबर १९६१

प्रिय हयवदन,

आनेकलला अक्काकडे जाऊन तुला महिना झाला. इथे भीमाचार्यांच्या पडवीत पहाटेचं ध्यान चालू आहे. माझ्या शेजारची तुझी जागा रिकामी आहे.

अकरा वर्षं आपण तिथे बसलो. माझी पाठ ताठ असे. नवीन कोणी आलं की आचार्य ती दाखवत. तू पेंगायचास, हनुवटी छातीवर. मला ते बरं वाटे.

मग तू यशवंतपूरला रघुजीकडे केस कापायला गेलास. त्याने मानेला तेल लावलं, ‘स्वल्प सैल सोडा, अण्णा’ म्हणाला, आणि तू सोडलीस. खुर्चीतच तासभर रडलास. दुसऱ्या पहाटे तुला पाहून आचार्य मध्येच थांबले. ह्याला मिळालं, एवढंच म्हणाले. अकरा वर्षं कणा ताठ ठेवून मी जे मागत होतो, ते तुला न्हाव्याच्या खुर्चीत मिळालं. न मागता.

तू गेल्यावर मीही रघुजीकडे गेलो. त्याच खुर्चीत बसलो. त्याने मान वळवायचा बराच प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, ‘अण्णा, पैसे नंतर द्या, आधी डोकं द्या.’ बाकावरची माणसं हसली. मी सैल व्हायचं ठरवलं, तसे खांदे आणखी वर चढले. तेल पुसताना त्याने विचारलं, ‘एवढं काय धरून ठेवलंय?’

ते सांगतो. खुर्चीत रडलास त्या दिवशी तू शेंदी प्यायला होतास, असं आचार्यांना मी सांगितलं. म्हणून त्यांनी तुला येऊ नकोस म्हटलं. कोणी सांगितलं, हे तू विचारलंही नाहीस. हसून चपला घातल्यास. ते हसणंसुद्धा मला सोसलं नाही.

आज सकाळी मी त्यांना खरं काय ते सांगितलं. तुझं नाव घेताच त्यांचे डोळे भरले. माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला बोलाव, म्हणाले. म्हणून हे पत्र. वाटलं होतं, सांगून टाकल्यावर तरी मान सुटेल. सुटली नाही. त्यांच्यासमोर उभा होतो, आणि त्या भरलेल्या डोळ्यांचाही मला हेवा वाटत होता.

तरी ये.

अजूनही तुझाच,
गुंडो